मोठेपणी रोलर स्केटिंग: बडोद्यात व्यायाम म्हणून सुरू करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चाळिशी उलटली आहे. आता शिकता येईल का?

येईल. लहान मुलं पटकन शिकतात, कारण त्यांची उंची आणि वजन कमी असतं आणि पडण्याचं त्यांना भय नसतं. मोठा माणूस वरून पडतो, जास्त वजनाने पडतो आणि आधीच घाबरून अंग ताठ करतो. म्हणून मोठ्यांनी शिकण्याचा क्रम वेगळा ठेवावा: आधी पडायला, मग थांबायला आणि त्यानंतर पुढे जायला शिकायचं. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास दिलात तर आधाराशिवाय पुढे जाणं, वळणं आणि थांबणं यासाठी साधारण दोन महिने धरून चाला. काहींना तीन लागतील, त्यात काही बिघडत नाही.

हाडं ठिसूळ असल्याचं निदान, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, चक्कर येण्याचा त्रास, नुकतंच झालेलं गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्केट घेऊच नका. मधुमेह असेल तर रोज घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट चावलेला कळत नाही आणि फोडाची जखम होते.

याने वजन उतरतं का?

सलग स्केटिंगला साधारण ७ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसून खर्च होते त्याच्या सातपट ऊर्जा. ७० किलो वजनाच्या माणसाचा हिशोब ७ × ७०, म्हणजे तासाला सुमारे ४९० किलोकॅलरी. पण हा आकडा सलग तासभर चाकांवर असणाऱ्याचा. नवशिका दहा पावलं जातो, थांबतो, कठडा धरतो. त्याने पहिले दोन महिने याच्या निम्माच धरावा. घरी परतताना सेव-उसळ आणि वर दोन पाव जास्तीचे झाले की तेवढं भरून निघतं, हेही लक्षात असू द्या.

वजनापेक्षा लवकर दिसणारा फायदा वेगळाच आहे. चालताना पाय फक्त पुढे-मागे जातात, स्केटिंगमध्ये प्रत्येक ढकल बाजूला असते. त्यामुळे मांडीची आतली-बाहेरची बाजू, पार्श्वभागाच्या कडेचे स्नायू आणि घोट्याभोवतीचे बारीक स्नायू कामाला लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नेमके हेच स्नायू झोपलेले असतात. तोल सुधारल्याचं जिन्यावर आणि एका पायावर उभं राहून मोजा घालताना जाणवतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते. स्केटिंग करताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागत असेल तर तो मध्यम व्यायाम.

क्वाड घेऊ की इनलाइन?

जागा कुठली मिळणार आहे यावर ठरवा.

क्वाडला दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकं असतात. उभं राहायला ती सोपी, गुळगुळीत फरशीवर आणि रिंकमध्ये उत्तम. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने बूट आणि चाकांची जोडी यांच्यामध्ये रबरी गादी बसवली, तेव्हापासून क्वाड नुसतं अंग झुकवून वळू लागले. ती गादी आजही आहे. तिच्यावरचा नट फार घट्ट असेल तर स्केट वळत नाही, फार सैल असेल तर पायाखाली डुगडुगतो. नवीन जोडीत तो बहुधा घट्टच असतो. पाव-पाव फेरा सैल करत दोन्ही पायांत सारखा ठेवा.

इनलाइनची चाकं एका ओळीत आणि मोठी, म्हणून खडबडीत डांबर आणि फरशीच्या फटी ती जास्त सहन करतात. व्यायामासाठी लांब अंतर जायचं असेल तर आमचं मत इनलाइनकडे. मोठ्या नवशिक्याला ७६ ते ८४ मिलिमीटरची चाकं पुरेत. १०० मिलिमीटर किंवा त्यावरची चाकं वेगासाठी. त्यांवर पाय जमिनीपासून उंच राहतो, घोटा लवकर थकतो आणि थांबणं अवघड जातं. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली ती अशाच मोठ्या चाकांवर. ते पाहून तसले स्केट घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पहिल्या वर्षी तो टाळा.

चाकाच्या कडकपणाचा आकडा चाकावरच छापलेला असतो. ७८ए ते ८५ए बाहेरच्या जमिनीसाठी, ९५ए आणि पुढचे आकडे रिंकच्या गुळगुळीत फरशीसाठी. कडक चाकांचे क्वाड डांबरावर नेले की पायाला नुसते हादरे बसतात, आणि लोक समजतात आपल्यालाच जमत नाही.

मुलाचे लहान-मोठे होणारे स्केट पडून आहेत. त्यावर सुरुवात केली तर?

नको. त्यांची प्लास्टिकची फ्रेम, म्हणजे चाकं धरणारी चौकट, मुलांच्या वजनासाठी असते. मोठ्या माणसाच्या वजनाने ती वाकते, चाकं आत कलतात आणि घोटा मुरगळतो. बुटावरून पट्ट्यांनी बांधायच्या चौकटींचंही तेच. मोठ्यांसाठी घोट्याला धरून ठेवणारा बूट आणि ॲल्युमिनियमची फ्रेम हवी. खोक्यावर कमाल वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमचं वजन ९० किलोच्या पुढे असेल आणि खोक्यावर आकडाच नसेल तर ती जोडी सोडून द्या.

माप कसं घ्यायचं?

संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, लांबात लांब बोटापुढे खूण करा आणि अंतर मोजा. दोन्ही पायांचं घ्या, मोठं धरा. २६.५ सेंटिमीटर आलं तर कंपनीच्या तक्त्यात २६५ पाहा. रोजच्या बुटाचा नंबर सांगून स्केट मागवणाऱ्यांना बहुतेकदा मोठा बूट येतो.

बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोकाला हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा. 'थोडा मोठा घेतो, जाड मोजे घालीन' हा हिशोब इथे चालत नाही, कारण सैल बुटात घोटा आत पडतो. मोजा पातळ आणि बुटाच्या काठापेक्षा उंच असावा. घरात पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. एकाच जागी टोचत असेल तर ते 'वापरून सैल होईल' म्हणून सोडू नका.

पॅड खरंच सगळे लागतात का?

हो, आणि पहिल्या दिवसापासून. पैसे कमी असतील तर स्केट एक पायरी स्वस्त घ्या, पॅड नको.

सगळ्यांत महत्त्वाचं मनगटाचं रिस्ट गार्ड. तोल गेला की माणूस आपोआप हात पुढे टाकतो, म्हणून स्केटिंगमध्ये सर्वाधिक मोडतं ते मनगट. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटरांचा एक अभ्यास आला होता. रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांत मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला, कोपराच्या पॅडच्या बाबतीतही जवळपास तेवढाच. गार्डमध्ये तळव्याच्या बाजूला कडक प्लेट हवी. ती जमिनीवर घसरते आणि धक्का हाताच्या हाडात थेट जात नाही. जिमचे हातमोजे किंवा क्रेप बँडेज हे काम करत नाहीत.

गुडघ्याचे पॅड बाहेरून कडक टोपीचे घ्या. नुसत्या स्पंजचे व्हॉलीबॉलचे पॅड जमिनीवर घसरत नाहीत, अडकतात. हेल्मेट डोक्यावर आडवं, भुवयांच्या दोन बोटं वर बसावं. नवशिके पुष्कळदा मागे पडतात, त्यामुळे डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारं स्केटिंगचं हेल्मेट सायकलच्यापेक्षा बरं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, बदलायचं.

बडोद्यात सराव कुठे करायचा?

सोसायटीचं ट्रिमिक्स काँक्रीटचं पार्किंग, शाळेचं बास्केटबॉल कोर्ट (परवानगी काढून) किंवा रिंक. रिंकवर संध्याकाळी मुलांचे वर्ग असतात, त्यामुळे मोठ्यांसाठी वेगळी वेळ आहे का ते आधी विचारा. वेगात जाणाऱ्या मुलांच्या मध्ये नवशिका मोठा माणूस उभा राहणं दोघांनाही धोक्याचं. पॉलिश केलेला कोटा स्टोन कोरडा असेल तर ठीक, ओला असेल तर अजिबात नको. पेव्हर ब्लॉकवर शिकू नका, प्रत्येक फटीत चाक अडखळतं. बेसमेंटमध्ये गाडीतून गळलेल्या ऑइलचे डाग आधी चालत जाऊन पाहा.

कमाटीबागेत सकाळी चालणाऱ्यांची, त्यांतही ज्येष्ठांची गर्दी असते. तिथे नवशिक्याने चाकं नेऊ नयेत. नवलखी मैदान मातीचं आहे, तिथे चाक फिरत नाही. रहदारीच्या रस्त्यावर तर कितीही सराव झाला तरी नको: खडी, गतिरोधक, वळणावरून आलेली स्कूटर, रस्त्यात बसलेली गाय. भटकी कुत्री चाकांच्या आवाजामागे धावतात. तशी मागे लागली तर पळू नका, वेग सोडा आणि उभे राहा.

कोणत्या महिन्यात सुरू करावं?

दिवाळीनंतर आठवडाभराने. लगेच नको, कारण फटाक्यांची खडी आणि कागद सोसायटीच्या रस्त्यावर चार-पाच दिवस राहतात आणि बारीकसा खडाही चाक अडवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बडोद्याची हवा यासाठी उत्तम.

उत्तरायणाच्या आसपास मात्र बाहेरचा सराव बंद ठेवा. १४ आणि १५ जानेवारीला तर पूर्ण, आणि आधीचा आठवडाही जपून. आडव्या मांजाने गळा कापण्याचा धोका दुचाकीवाल्यांना असतो तसाच स्केटरलाही. तो टळला तरी जमिनीवर पडलेला दोरा चाक आणि फ्रेमच्या मधे गुंडाळला जातो, चाक एकदम जाम होतं आणि माणूस तोंडावर पडतो. गुंडाळलेला दोरा ओढून काढू नका. ॲक्सल (चाकाच्या मधला बोल्ट) सोडवा, चाक बाहेर काढा, ब्लेडने कापा. मांजावरची काचेची पूड बेअरिंगमध्ये गेली असेल तर ते बेअरिंग धुवावं लागेल.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा सकाळी साडेसातच्या आत आटपा. पावसाळ्यात फक्त छपराखाली.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

स्केट घालून हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर उभे राहा, म्हणजे चाकं पळणार नाहीत. टाचा जवळ, बोटं बाहेर. गुडघे इतके वाकवा की वरून पाहिलं तर गुडघ्याने बुटाचं टोक झाकलं जाईल आणि नडगी बुटाच्या जिभेवर टेकेल. हात पुढे, कंबरेच्या उंचीवर, दिसतील असे. नजर पायांकडे नको, चार-पाच मीटर पुढे. जागच्या जागी पावलं उचला. एका पायावर तीन सेकंद, मग दुसऱ्या.

मग पडायला शिका, मुद्दाम. खाली बसत जा, गुडघ्यांचे पॅड टेकवा, मग कोपर, मग तळवे, बोटं वर उचललेली. असं दहा वेळा. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाय पुढे रोवा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवून दाबा आणि उठा. जमिनीवर हात टेकून उठू पाहिलंत तर चाकं पुढे पळतात.

मागे पडणं सगळ्यांत वाईट, माकडहाड आणि डोकं दोन्ही धोक्यात. तोल मागे जातोय असं वाटलं की सरळ उभं राहण्याची धडपड करायची नाही. लगेच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली वाका. ही सवय अंगात मुरेपर्यंत दुसरं काही शिकू नका.

थांबायचं कसं? ब्रेक दाबला की गोल फिरतो.

गोल फिरण्याचं कारण ब्रेकचा पाय शरीराच्या खालीच राहतो. इनलाइनचा ब्रेक बहुधा उजव्या टाचेला असतो. दोन्ही पायांवर सरळ घरंगळा, उजवा पाय एका बुटाच्या लांबीइतका पुढे सरकवा, दोन्ही गुडघे वाकवून खाली बसा आणि मग उजव्या पायाची बोटं वर उचला. रबर टेकेल. आधी हलका दाब, मग वाढवत जायचा. कंबरेतून पुढे वाकलात तर दाब येत नाही, रबर नुसतं घासत राहतं.

क्वाडचा टो-स्टॉप, म्हणजे बुटाच्या टोकाखालचा रबरी ब्रेक, नेहमी मागच्या पायाचा वापरायचा: वजन पुढच्या पायावर, मागच्या पायाचं टोक जमिनीवर ओढत न्यायचं. पुढच्या पायाचा टो-स्टॉप टेकवला की शरीर त्यावरून उलटं पुढे जातं.

दोन्ही प्रकारांत चालणारी पद्धत म्हणजे पाय खांद्यांपेक्षा रुंद करून बोटं आत वळवणं आणि टाचा बाहेर ढकलणं. हळू वेगात ती छान चालते. एक पाय मागे आडवा ओढून थांबण्याची पद्धत दिसायला झकास, पण चाकाची एकच कड खाते. ती नंतर शिका.

ताशी १५ किलोमीटर वेगाने माणूस सेकंदाला चार मीटरहून जास्त जातो. ठरवलेल्या खडूच्या रेषेच्या आत दहापैकी नऊ वेळा थांबता येईपर्यंत उताराकडे वळू नका. बेसमेंटचा रॅम्पही उतारच आहे.

तळव्यात गोळा येतो, पोटऱ्या जळतात, कंबर दुखते. सोडून देऊ का?

नका सोडू. तळव्यात गोळा येतो कारण भीतीने बोटं बुटात आवळून धरली जातात, किंवा पायाच्या उंचवट्यावर लेस फार कसलेली असते. मधली लेस एक टप्पा सैल करा, घोट्याची घट्ट ठेवा, आणि दर पाच मिनिटांनी मुद्दाम बोटं हलवा. दोन-तीन आठवड्यांत हे थांबतं.

कंबर दुखते कारण गुडघ्यांऐवजी कंबरेतून वाकलं जातं. मांड्या थकल्या की असं होतं, म्हणून ते थांबण्याची खूण समजा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. घोटे आत पडताना दिसतील. बूट सैल आहे का ते पाहा. बूट नीट असूनही घोटा पडत असेल तर काही इनलाइनमध्ये फ्रेम बुटाखाली किंचित आत-बाहेर सरकवता येते, ती आतल्या बाजूला थोडी सरकवून पाहा. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आठवड्याचं गणित कसं बसवायचं?

पहिले दोन आठवडे तीन दिवस, वीस-वीस मिनिटं, मध्ये एक दिवस विश्रांती. तिसऱ्या आठवड्यापासून अर्धा तास. सलग दहा मिनिटं न थांबता जाता आलं की मग दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. चाकांवर नसलेल्या दिवशी खुर्चीकडे पाठ करून उठबशा पंधराचे दोन फेरे, भिंतीला टेकून अर्धा मिनिट बैठक, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. एवढं पुरतं.

रिंकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बडोद्यात गरब्याचा फेरही त्याच दिशेने. दोन्ही करणाऱ्याचं एका बाजूचं वळण पक्कं होतं आणि दुसरं कच्चं राहतं. मोकळ्या जागेत दर वेळी पाच मिनिटं मुद्दाम उलट फिरा. नवरात्रात रोज रात्री गरबा खेळणार असाल तर ते नऊ दिवस स्केट कपाटात ठेवा. दमलेल्या पोटऱ्यांनी सकाळी चाकांवर उभं राहणं म्हणजे पडण्याची तयारीच.

पडल्यावर डॉक्टरकडे कधी जायचं?

डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी, काही वेळ न आठवणं किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर लगेच.

मनगटाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अंगठ्याच्या बुडाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर पट्टी बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात. दुखणं कमी झालं म्हणून ती दुसरी भेट टाळू नका, या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो आणि ते न जुळता राहिलं तर मनगट कायमचं दुखतं.

बेअरिंगची निगा कशी ठेवायची? एबेक ९ घेऊ का?

एबेक म्हणजे बेअरिंगच्या अचूकतेची श्रेणी. नवशिक्याला एबेक ५ आणि ९ मधला फरक पायाला कळत नाही. स्वच्छ, तेल दिलेलं साधं बेअरिंग घाणेरड्या महागड्यापेक्षा बरं. बहुतेक स्केटला ६०८ मापाचं बेअरिंग लागतं: आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. आठ चाकांना सोळा.

पाण्यातून गेलात तर त्याच दिवशी चाकं काढा, पुसा, वाळवा. बेअरिंगचं झाकण निघत असेल तर काढून रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. जास्त तेलाला धूळ चिकटते. गंज काढायचे फवारे वंगण म्हणून वापरू नका, ते ग्रीस धुऊन नेतात. चाक परत बसवताना दोन बेअरिंगमधली छोटी नळी विसरली तर ॲक्सल कसताच चाक जाम होतं.

चाकं कधी बदलायची?

आधी जागा बदला, मग चाकं. आतली कड बाहेरच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटरने झिजलेली दिसली की चार चाकांच्या इनलाइनमध्ये पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं अशी अदलाबदल करा, एका पायाची दुसऱ्या पायात, आणि प्रत्येक चाक उलटं करून, म्हणजे झिजलेली बाजू बाहेर येईल. ॲलन की बहुधा ४ मिलिमीटरची लागते. ॲक्सल कसल्यावर चाक बोटाने फिरवून पाहा. कुरकुरलं तर पाव फेरा सैल करा. टाचेच्या ब्रेकचं रबर झिजण्याच्या खुणेपर्यंत आलं की तेवढंच वेगळं बदलून मिळतं. स्क्रू जमिनीला घासायची वाट पाहू नका.